तालीम आणि तालीम : निजामी राजवटीतील उर्दूचे अध्ययन आणि मराठीची शब्दस्मृती

परभाषेचे अध्ययन म्हणजे अपरिचिताशी परिचय, अशी एक सर्वसाधारण समजूत असते. फ्रेंच शिकू पाहणाऱ्या इंग्रजी भाषकाच्या बाबतीत ती खरी ठरत नाही. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या दरबारात, न्यायालयांत आणि सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच रुजली. १३६२ च्या कायद्याने न्यायालयात इंग्रजीला वाव मिळाला, तरी वकिलांची म्हणून एक वेगळी फ्रेंच त्यानंतरही दीर्घकाळ टिकून होती. या सहवासातून इंग्रजीत आलेल्या शब्दांची संख्या एवढी मोठी आहे की, फ्रेंचचे पहिले पुस्तक उघडणाऱ्या इंग्रज विद्यार्थ्याला पानोपानी ओळखीचे चेहरे दिसतात. त्याची खरी अडचण येथूनच सुरू होते. 'लिब्रेरी' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. 'आक्त्युएलमाँ' म्हणजे 'खरे पाहता' नव्हे, 'सध्या'. 'दमाँदे' या क्रियापदात इंग्रजी 'डिमांड'मधील दरडावणी नाही, तेथे नुसते विचारणे किंवा मागणे आहे. कोसलेर आणि दरोकिन्यी या दोघा फ्रेंच अभ्यासकांनी १९२८ साली अशा शब्दांचा एक कोशवजा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांना 'खोटे मित्र' हे नाव दिले. ते नाव पुढे भाषाध्यापनाच्या परिभाषेत रूढ झाले.

नावात मात्र एक नैतिक आरोप दडलेला आहे आणि तो तपासून घ्यावयास हवा. या शब्दांनी कोणाचा विश्वासघात केलेला नसतो. ते एका घरातून निघून दुसऱ्या घरात नांदले आणि नव्या घरातील नात्यांनी त्यांचा अर्थ ठरविला, एवढेच घडलेले असते. सोस्यूरने अर्थ आणि मूल्य यांतील भेद समजावताना नेमके इंग्रजी-फ्रेंच हेच उदाहरण घेतले, हे सूचक आहे. फ्रेंच 'मुतों' आणि इंग्रजी 'शीप' यांचा निर्देश एकाच प्राण्याकडे असला, तरी त्यांचे मूल्य सारखे नाही. इंग्रजीत ताटातील मांसासाठी 'मटन' हा दुसरा शब्द उभा आहे, फ्रेंचमध्ये तसा नाही. आणि हा 'मटन' म्हणजे तो फ्रेंच 'मुतों'च. उसना आलेला शब्द परत मूळ भाषेच्या दारात नेऊन उभा केला की तो आता कोणाचा झाला आहे हे कळते. परभाषेच्या अध्ययनाचे हे एक दुर्लक्षित फलित आहे : त्यातून परभाषेइतकीच, किंबहुना अधिक, स्वभाषा कळते.

मराठीच्या इतिहासात या प्रकाराची एक फार मोठी, आणि समीक्षेने जवळजवळ न हाताळलेली, घटना आहे. हैदराबाद संस्थानातील पाच मराठी जिल्ह्यांतील मुले विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उर्दू शिकली आणि पुढच्या वर्गांत उर्दूतून शिकली. कळमनुरी हे त्यांपैकी परभणी जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. १ मे १९९९ पासून ते हिंगोली जिल्ह्यात आहे. या घटनेकडे आजवर राजकीय इतिहासाच्या अंगाने पाहिले गेले आणि ते स्वाभाविकच होते. मातृभाषेतील शिक्षणाचा संकोच ही हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या मुळाशी असलेल्या तक्रारींपैकी एक प्रमुख तक्रार होती. १९३५ साली अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाची स्थापना किंवा १९३८ साली उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे वंदेमातरम् आंदोलन ही त्या तक्रारीचीच मूर्त रूपे होत. त्या अन्यायाचे माप कमी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु अन्यायाच्या इतिहासात जे मावत नाही असेही काही त्या बाकांवर घडत होते. मराठी विद्यार्थ्याच्या उर्दूत ज्या विशिष्ट चुका संभवत होत्या त्या अज्ञानातून येत नव्हत्या. चारशे वर्षे मराठीत नांदलेल्या फारसी-अरबी शब्दांचे ते ज्ञान होते. परीक्षकाला हवे असलेले नव्हते, एवढेच.

राजभाषेचा क्रम थोडक्यात लक्षात ठेवावा लागेल. असफजाही दरबाराची भाषा फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. मीर उस्मान अली खान यांच्या १९१७ च्या फर्मानानुसार १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून एका भारतीय भाषेची योजना प्रथमच एवढ्या प्रमाणावर झाली. पाठ्यग्रंथांच्या भाषांतरासाठी आणि परिभाषानिर्मितीसाठी दारुल-तर्जुमा ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. देशी भाषेतून विज्ञान शिकविता येते, हे त्या विद्यापीठाने दाखवून दिले ही गोष्ट निर्विवाद आहे. मात्र ती भाषा संस्थानातील बहुसंख्य तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषकांची नव्हती. एकाच कृतीत वसाहतवादाला दिलेले उत्तर आणि अंतर्गत वसाहतीची रीत अशा दोन्ही गोष्टी सामावल्या होत्या, असे म्हणणे अतिशयोक्त होऊ नये.

आता कळमनुरीसारख्या गावातील मराठी घरच्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. त्याच्या हाती पडणाऱ्या पहिल्या उर्दू पुस्तकाचे नाव 'क़ायदा'. त्याच्या मराठीत कायदा म्हणजे सरकारचा हुकूम, ज्याच्या भंगाने शिक्षा होते तो. उर्दूत कायदा म्हणजे नियम, रीत, आणि म्हणून अक्षरओळखीची बाराखडी. मराठीतल्या कायद्याला तेथे 'क़ानून' म्हणतात. तो ज्या खात्याच्या शाळेत जातो ते खाते 'तालीमात'चे. गावातील तालीम त्याला ठाऊक असते : लाल माती, लंगोट, जोर-बैठका. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. त्या तालमीत शिकविणारा वस्ताद आणि उर्दूचा 'उस्ताद' हा शब्दही मुळात एकच. फारसी-अरबीतील गुरू आणि विद्या ही जोडीच्या जोडी मराठीत आली आणि दोघे मिळून आखाड्यात उतरले. असे का व्हावे, याचे एक संभाव्य उत्तर समाजरचनेत सापडते. ग्रंथविद्येच्या क्षेत्रात मराठीत जागा रिकामी नव्हती. तेथे विद्या, शाळा, पाठ, पंतोजी आधीच बसलेले होते. बहमनी आणि तिच्या वारस शाह्यांच्या चाकरीत मराठी माणूस मोठ्या संख्येने गेला तो शिपाईगिरीसाठी आणि कारकुनीसाठी. शिपायाने आणलेली तालीम शरीराची होती. नंतर नाटकमंडळ्यांनी ती रंगभूमीवर नेली. परंतु पाठांतराच्या पाटीपर्यंत ती कधी पोचली नाही.

कारकुनाने आणलेल्या शब्दांची कथा वेगळी आहे. 'मजकूर' या शब्दाचा मूळ अर्थ 'उल्लेखिलेला'. उर्दूत तो तसाच राहिला. मराठी दप्तरात 'मौजे मजकूर', 'साल मजकूर' असे लिहिता लिहिता 'वर उल्लेखिलेले' म्हणजे 'लिहिलेले', आणि 'लिहिलेले' म्हणजे 'लेखनाचा आशय' अशी त्याची वाटचाल झाली. आज वृत्तपत्राचा संपादक मजकूर मागतो तेव्हा तो मोडी फर्ड्यातील एक ठरीव शब्दप्रयोगच मागत असतो. 'खुलासा' उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. एकात आटणे आहे, दुसऱ्यात उलगडणे. 'तकरार' मूळ अरबीत पुनरुक्ती, उर्दूत वादावादी; मराठीत तिचे गाऱ्हाणे झाले. 'हरकत' म्हणजे हालचाल, मराठीत आक्षेप. 'इशारा' म्हणजे खूण, मराठीत धोक्याची सूचना. 'फ़रियाद' म्हणजे आर्त हाक, मराठीत न्यायालयात दाखल होणारा दावा. 'गुनाह' म्हणजे पाप, ज्याचा हिशेब ईश्वरापुढे व्हायचा. मराठीत गुन्हा पोलिसांत नोंदवितात. या शब्दांत एक समान कल दिसतो. मूळ भाषेत जे मनाच्या, धर्माच्या किंवा काव्याच्या प्रांतातले होते ते मराठीत कचेरीच्या प्रांतात आले. मराठी माणसाला फारसी प्रथम भेटली ती अर्जदार, फिर्यादी आणि कारकून या नात्याने, याची नोंद कोणत्याही बखरीपेक्षा या अर्थांतरात अधिक बिनचूक आढळते.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत आणि ती विसरू नयेत. उर्दू काव्यातील 'मौज' म्हणजे लाट. मराठीत ती कधीच पाण्याबाहेर येऊन आनंद झाली. 'हैरान' म्हणजे चकित. मराठी हैराण माणूस त्रासलेला असतो. 'शिकस्त' म्हणजे पराभव, मोडणे; मराठीत प्रयत्नांची शिकस्त केली की ती कौतुकाची गोष्ट होते. परीक्षेत या शब्दावरून वाक्य करावयास सांगितले तर मराठी मुलाच्या लेखणीतून पराभूत सेनेला प्रयत्नवान ठरविणारे वाक्य उतरावे, यात नवल नाही. 'किताब' हा तर दोन शब्दांचा संगम : मराठीत तो पदवी या अर्थी पुल्लिंगी (मूळ 'ख़िताब'), उर्दूत पुस्तक या अर्थी स्त्रीलिंगी. दारुल-तर्जुमाच्या परिभाषेत पदार्थविज्ञानाला 'तबीइयात' हे नाव मिळाले. मराठी कानाला त्यात स्वाभाविकपणे तब्येत ऐकू येते, आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो कान चुकत नाही. दोन्हींच्या मुळाशी निसर्ग, प्रकृती हाच अर्थ आहे.

या अनुभवाच्या प्रकाशात मराठीतील फारसी शब्दांविषयीचे दोन परस्परविरोधी पक्ष पुन्हा वाचावेत. एक पक्ष जुना आहे. शिवराज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'पासून तो सुरू होतो. वि. का. राजवाडे यांनी ऐतिहासिक कागदपत्रांतील फारसी शब्दांचे प्रमाण मोजून स्वराज्यस्थापनेपूर्वीच्या आणि नंतरच्या मराठीचा जो ताळा मांडला, त्याला याच पक्षाने आधार केले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीत त्याचे आक्रमक रूप दिसले. माधवराव पटवर्धन यांचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. १९२५ साली 'फार्सी-मराठी कोश' सिद्ध करणारा, गझल मराठीत रुजविणारा हा कवी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितो. ज्याला फारसी सर्वांत अधिक कळत होती त्यालाच मराठीतील फारसी सर्वांत अधिक खुपू लागली. यात विसंगती नाही. ज्याच्या कानात मूळ अर्थ सतत घुमतो त्याला उसना शब्द कधीच पुरता आपला वाटत नाही.

दुसरा पक्ष मौलवी अब्दुल हक यांचा. उत्तर प्रदेशातील हापूडकडून आलेले हे विद्वान शिक्षणखात्याच्या नोकरीनिमित्त औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) आले आणि अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार त्यांनी दीर्घकाळ तेथूनच केला. १९३३ साली त्यांनी 'मराठी ज़बान पर फ़ारसी का असर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे आणि मराठी अभ्यासकांनी त्याची पुरेशी दखल घेतली नाही ही खेदाची गोष्ट आहे. मात्र त्याच्या शीर्षकातील 'असर' हा शब्दच त्याची मर्यादा सांगतो. परिणाम करणारा एक आणि परिणाम सोसणारा दुसरा, अशी ती मांडणी आहे.

दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आहे : हे शब्द फारसी आहेत. एकाला त्याची लाज वाटते, दुसऱ्याला अभिमान. पण मालकी कोणाची याविषयी वाद नाही. हे शब्द फारसीच राहिले असते तर मराठी मुलाला उर्दूच्या शब्दार्थात पैकीच्या पैकी गुण मिळावयास हवे होते. त्याने 'खुलासा'चा अर्थ स्पष्टीकरण लिहावा आणि तो चूक ठरावा, याचा अर्थ एवढाच की त्याने लिहिलेला शब्द मराठी होता. गैरसमज, नापीक, बिनचूक हे शब्द तर उर्दूत नेताच येत नाहीत. फारसी-अरबी उपसर्ग मराठी धातूंशी आणि नामांशी लग्ने लावून मोकळे झालेले आहेत, आणि उर्दूला 'गैरसमज' सांगायचा तर 'ग़लतफ़हमी' असा निराळा शब्द घ्यावा लागतो. कोणता शब्द आपला, याचा निर्णय उगमावरून करावा की वर्तनावरून, हा भाषाशुद्धीच्या वादातील मूळ प्रश्न आहे. संस्थानी शाळेतील उत्तरपत्रिकेने त्याचे उत्तर वर्तनाच्या बाजूने दिले होते. ती उत्तरपत्रिका कोणी पुराव्यादाखल मागविली नाही.

व्याकरणाच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजाला नामांची लिंगे पाठ करावी लागतात, कारण त्याच्या भाषेतून व्याकरणिक लिंग लोपलेले आहे. मराठी भाषकाची अडचण उलटी : त्याच्याजवळ एक लिंग अधिक आहे. उर्दूत नपुंसकलिंग नाही. घर, काम, पाणी, शहर, वजन, मैदान, नुकसान हे मराठीतील नपुंसकलिंगी शब्द उर्दूत पुल्लिंगी होतात, आणि त्यावरून 'ते' दिसले की 'वो'चा पुरुष करावा असा एक कामचलाऊ नियम विद्यार्थी मनाशी बांधतो. नियम बराच अंतरापर्यंत नेतो आणि मग दगा देतो. 'दुकान' उर्दूत स्त्रीलिंगी. 'बक्षीस', म्हणजे 'बख़्शिश', स्त्रीलिंगी. 'आवाज' आणि 'अर्ज' मराठीत पुल्लिंगी, उर्दूत स्त्रीलिंगी. सर्वांत मौजेचे उदाहरण 'सरकार' या शब्दाचे. मराठीत शासन या अर्थी ते नपुंसक, आणि उर्दूत ती स्त्री.

'ने' या प्रत्ययाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. भूतकाळी सकर्मक क्रियापदाबरोबर कर्त्याला 'ने' लागावा आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालावे, ही रचना दोन्ही भाषांत आहे. इंग्रजाला जी समजावून सांगताना शिक्षक थकतो ती मराठी मुलाला आईच्या दुधाबरोबर मिळालेली असते. 'त्याने भाकरी खाल्ली' आणि 'उस ने रोटी खाई' यांत अंतर नाही. कर्माला प्रत्यय लागला की मराठी क्रियापद नपुंसक एकवचनात जाऊन उभे राहते (रामाने रावणाला मारले) आणि उर्दू क्रियापद पुल्लिंगी एकवचनात. दादोबांपासून दामल्यांपर्यंतच्या व्याकरणकारांनी ज्याला भावे प्रयोग म्हटले त्याची उर्दूतील ही सख्खी बहीण. पण मराठीत प्रथम आणि द्वितीय पुरुषी सर्वनामांना 'ने' दिसत नाही. 'मी पत्र लिहिले' म्हणणारा मुलगा 'मैं ख़त लिखा' लिहितो, 'मैं ने' लिहीत नाही. शिवाय काही क्रियापदे दोन भाषांत वेगवेगळ्या बाजूंना उभी आहेत. मराठीत 'तो म्हणाला', उर्दूत 'उस ने कहा'. मराठीत 'तो उर्दू शिकला', उर्दूत 'उस ने उर्दू सीखी'. मराठीत क्रियापद शिकणाऱ्याशी जुळते. शिकण्याने तो स्वतः बदलतो, असे जणू व्याकरणच म्हणते. उर्दूत क्रियापद शिकलेल्या भाषेशी जुळते. यावर फार मोठा सिद्धांत उभारू नये. तथापि कळमनुरीच्या मुलाने स्वतःच्या शिक्षणाविषयी लिहिलेल्या पहिल्याच वाक्यात चूक होण्याचा संभव होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

या चुकांना आणखी एक आधार होता, आणि तो शाळेबाहेर होता. कळमनुरीच्या बाजारात, गल्लीत, मुसलमान शेजाऱ्यांच्या घरात जी बोली ऐकू येते ती शाळेची उर्दू नव्हे, ती दखनी. 'लोगां', 'बातां' अशी तिची अनेकवचने, 'नको' हा तिने मराठीकडून घेतलेला नकार, आणि शब्दाला जोडून येणारा मराठमोळा 'च' : 'मैंच', 'वैसाच'. दखनीत 'ने'चा नियम सैल झालेला आहे. 'मैं बोला', 'उनो बोले' असे ती सहज म्हणते. त्यामुळे दिल्ली-लखनौच्या प्रमाण उर्दूपुढे मराठी मुलगा आणि दखनी बोलणारा मुसलमान मुलगा एकाच बाकावर बसलेले दिसतात. दोघांच्याही घरची भाषा शाळेत अशुद्ध ठरत होती. 'ने'च्या बाबतीत तर, तृतीय पुरुषापुरता का होईना, मराठी मुलगा वरचढ ठरावा. धर्मावरून भाषेची वाटणी करणाऱ्या त्या काळच्या राजकारणाला, दोन्ही बाजूंच्या, ही गोष्ट दिसणे शक्य नव्हते. दखनीच्या वाङ्मयाचे महत्त्व अब्दुल हक यांना पूर्ण ठाऊक होते. वजहीच्या सतराव्या शतकातील 'सबरस'ची प्रत त्यांनीच संपादून प्रकाशात आणली. परंतु हस्तलिखितातील दखनीचा गौरव आणि बाकावरील दखनीची दुरुस्ती या दोन गोष्टी सुखाने शेजारी नांदत होत्या. मराठीच्या बाजूने हे नाते पुढे देवीसिंग चौहान यांनी तपासले. रामदासांच्या मनाच्या श्लोकांचा आदर्श पुढे ठेवून अठराव्या शतकात शाह तुराब यांनी रचलेल्या दखनी 'मनसमझावन'चे संपादन हे त्यांचे कार्य आजच्या अभ्यासकाने पुन्हा हाती घ्यावे असे आहे.

लिपी आणि ध्वनी यांचा प्रश्न त्या मानाने सरळ होता. ऱ्हस्व स्वर न लिहिणारी उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी पाहून नागरी वाचणारा गांगरेल. पण ज्याच्या घरी मोडी चालत होती, आणि कुलकर्ण्याच्या घरी ती चालतच होती, त्याला संदर्भावरून स्वर ओळखण्याची सवय होती. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. उर्दूतील 'ज़' मराठीने फार पूर्वीच आपल्या दंततालव्य 'ज'मध्ये बसविलेला आहे : जमीन, जोर, बाजार, नजर. पुढे 'इ' आली की तो तालव्य होतो : जिल्हा, जिम्मा. म्हणजे परका ध्वनीदेखील मराठीच्या स्वतःच्या नियमाने वागू लागला. खरा जाच होता तो इम्ल्याचा, श्रुतलेखनाचा. एकाच उच्चाराचे चार 'ज़' आणि तीन 'स' कोणत्या शब्दात कोणते, याला पाठांतराखेरीज उपाय नव्हता. हा जाच उर्दू मातृभाषा असलेल्या मुलालाही तितकाच होता.

इज़ाफ़त ही फारसी संबंधरचना शिकविताना मात्र शिक्षकाला मराठीकडून मदत मिळू शकली असती. 'मौजे नांदापूर, तालुके कळमनुरी, जिल्हे परभणी' या कागदोपत्री मराठीतील मौजे, तालुके, जिल्हे ही अनेकवचने नव्हेत. 'मौज़ा-ए', 'क़िला-ए' यांतील इज़ाफ़तच 'मौजे', 'किल्ले' या रूपांत गोठून राहिली आहे. 'किल्ले रायगड' म्हणताना मराठी माणूस नकळत फारसी षष्ठी वापरतो, आणि तीही शिवछत्रपतींच्या राजधानीसाठी.

वर उदाहरणादाखल घेतलेले नांदापूर हे गाव वाङ्मयसमीक्षेला अनोळखी नाही. नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी तेथे झाला. त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे अध्यापन करीत. उर्दू माध्यमाच्या विद्यापीठात मराठीचा अभ्यास उभा करणे हे काम किती नाजूक असेल याची कल्पना सहज येते. कुरुंदकरांची शालेय वर्षे निजामी राजवटीची अखेरची वर्षे होती. 'हैद्राबाद : विमोचन आणि विसर्जन' या लेखनामागे तो अनुभव आहे. शब्दाचा नेमका अर्थ काय, तो कोणत्या परंपरेत कोणता होतो, याविषयीची त्यांची दक्षता 'रिचर्ड्सची कलामीमांसा'सारख्या ग्रंथात दिसते तशीच इस्लामविषयक लेखनातही दिसते. तिचे सारे श्रेय दुभाषिक बालपणाला देणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्या प्रदेशात एकच शब्द शाळेत एका अर्थाने आणि घरी दुसऱ्या अर्थाने वावरत होता, त्या प्रदेशातून असा समीक्षक यावा हे समजण्यासारखे आहे. निलंग्याला जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांचा मार्ग वेगळा. संस्थानच्या मुलकी सेवेतील या अधिकाऱ्याने उर्दू-फारसीचे ज्ञान मोगल साधनांच्या वाचनाकडे आणि मराठी वाचकाला उर्दू काव्याची गोडी लावण्याकडे वळविले. जी भाषा लादली म्हणून तिच्यावर रोष होता, तिच्याच आधाराने मराठ्यांच्या इतिहासाची साधने मराठीत आली. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात 'अर्जदास्त' लिहून कचेरीच्या फारसीला अध्यात्माच्या कामाला लावले होते, त्याच्याशी या घटनेचे नाते जोडता येईल.

सप्टेंबर १९४८ नंतर शाळांचे माध्यम बदलले, १९५६ च्या पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. उर्दूतून शिकलेली पिढी हळूहळू मावळली. आज हिंगोली-परभणीकडील जमिनीच्या वादांत संस्थानी काळचा उर्दू कागद पुढे आला की तो वाचणारा शोधावा लागतो, आणि अक्षरे लागली तरी काम संपत नाही. अशा कागदात 'राज़ीनामा' हा शब्द आला, तर उर्दूप्रमाणे त्याचा अर्थ उभय पक्षांची तडजोड. नोकरी सोडण्याला उर्दूत 'इस्तीफ़ा' म्हणतात. मराठीत राजीनामा म्हणजे सोडून देणे, आणि मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात तर जमिनीवरील हक्क सोडून देणे. उर्दू लिहिणारा कारकून जर मराठी घरचा असेल, तर त्याने तो कोणत्या भाषेत लिहिला हे ठरवावे लागते, आणि जमीन कोणाकडे जायची हे त्यावर अवलंबून असू शकते.